साच्याला हात घालण्याआधी: स्टार्टअपला फॅब लॅबचा उपयोग कुठे होतो, कुठे होत नाही

प्रश्न असा आहे: तिघांची टीम पाण्याचा गढूळपणा मोजणारे, हातात धरून वापरायचे उपकरण तयार करते आहे. ब्रेडबोर्डवर, म्हणजे सोल्डर न करता भाग खोचून सर्किट जोडायच्या पाटीवर, सर्किट चालते, आकडे येतात. आता थेट इंजेक्शन मोल्डिंग करणाऱ्याकडे (साच्यात वितळलेले प्लास्टिक दाबून भाग बनवणाऱ्याकडे) जावे, की आधी फॅब लॅबमध्ये, म्हणजे यंत्रे वापरू देणाऱ्या खुल्या कार्यशाळेत, वेळ द्यावा? आणि लॅबमध्ये बनवलेल्या नमुन्यावरच्या चाचण्यांवर किती विश्वास ठेवावा?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे: आधी लॅब. दुसऱ्याचे उत्तर लांब आहे आणि तुमचा पैसा वाचणार की वाया जाणार हे त्याच्यावरच ठरते. नमुने बनवण्याच्या कामात माझी बरीच वर्षे गेली आहेत. यंत्रे सगळ्या टीमना सारखीच मिळतात. पुढे सरकते ती टीम, जिला प्रत्येक नमुना कोणत्या प्रश्नासाठी बनवतो आहोत हे माहीत असते.

साचा आधी का नको, ते सांगतो. मोल्डिंगचा साचा धातूच्या ठोकळ्यात कोरलेला असतो. त्यातून आणखी धातू काढणे सोपे, म्हणजे प्लास्टिकचा भाग मागाहून जाड करता येतो. पण तोच भाग पातळ करायचा असेल तर साच्यात धातू भरावा लागतो, म्हणजे वेल्डिंग आणि पुन्हा मशीनिंग. बटण चार मिलिमीटर सरकवायचे ठरले तर कित्येकदा साच्याचा तो तुकडाच नव्याने करावा लागतो. लॅबमध्ये हाच बदल म्हणजे फाइलमधले एक माप बदलायचे, संध्याकाळी प्रिंट लावायचा आणि सकाळी हातात घेऊन बघायचे. उत्पादनाचा आकार अजून हलतो आहे तोवर साच्याजवळ जाऊ नये, हे मी प्रत्येक टीमला सांगतो.

फॅब लॅब म्हणजे काय, हे थोडक्यात सांगून पुढे जातो, कारण त्याचा तुमच्या कामाशी संबंध आहे. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेत प्राध्यापक नील गर्शेनफेल्ड यांनी 1998 मध्ये ‘जवळजवळ काहीही कसे बनवावे’ अशा आशयाचा एक अभ्यासक्रम सुरू केला. 2001 मध्ये तिथे सेंटर फॉर बिट्स अँड ॲटम्स उभे राहिले आणि त्यातून फॅब लॅबची कल्पना बाहेर पडली. एमआयटीबाहेरच्या अगदी सुरुवातीच्या लॅबपैकी एक पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमातली. आज अशा लॅब 100 हून अधिक देशांत आहेत. यातली कामाची गोष्ट अशी की सगळ्या लॅबमध्ये यंत्रांचा मूळ संच साधारण सारखा ठेवायचा असे सुरुवातीपासून ठरलेले आहे: लेझर कटर, मोठा सीएनसी राउटर (संगणकाच्या आज्ञेने माल कोरणारे यंत्र), सर्किट बोर्ड कोरणारे छोटे मिलिंग मशीन, व्हायनिल कटर, थ्रीडी प्रिंटर आणि इलेक्ट्रॉनिक्सचे टेबल. त्यामुळे एका लॅबमध्ये केलेली फाइल दुसऱ्या लॅबमध्ये किरकोळ फेरफार करून चालते. तुमचे काम एका खोलीला बांधलेले राहत नाही.

आता यंत्रांकडे. नवीन टीम थेट थ्रीडी प्रिंटरकडे धावते. माझा आग्रह असतो की सुरुवात लेझर कटर आणि पुठ्ठ्याने करावी. हातात धरायचे उपकरण किती लांब असावे, स्क्रीन कोणत्या कोनात दिसावा, पाण्याची बाटली एका हाताने घालता येते का, ओल्या हातातून ते निसटते का, या प्रश्नांना प्रिंटरची गरज नाही. पुठ्ठा, तीन मिलिमीटरचे प्लायवुड आणि गोंद यांत एका दुपारी पाच-सहा वेगवेगळे आकार होतात. त्यातले चार टाकून द्यायचे असतात आणि टाकताना जीव तुटत नाही, हा पुठ्ठ्याचा मोठा गुण. आठ तास चाललेला प्रिंट टाकवत नाही. मग माणूस त्याचे समर्थन करत बसतो.

लेझरबद्दल दोन गोष्टी. किरण स्वतःच थोडा माल जाळतो, साधारण एक ते तीन दशांश मिलिमीटर, तेव्हा खाचेत घट्ट बसणारे भाग करायचे असतील तर आधी त्याच शीटवर मापांची एक पट्टी कापून बघा. आणि पीव्हीसी किंवा रेक्झिनसारखा माल लेझरखाली कधीही घालू नका. त्यातून क्लोरिनयुक्त विषारी वायू निघतो, माणसाला आणि यंत्राला दोघांनाही घातक. माल कसला आहे हे खात्रीने माहीत नसेल तर तो कापायचाच नाही.

थ्रीडी प्रिंटरवर जास्त थांबतो, कारण फसगत सगळ्यात जास्त इथे होते. प्रिंट हातात आला की तो ‘खरा’ वाटतो. बहुतेक लॅबमध्ये वितळलेल्या प्लास्टिकच्या तारेचे थर रचणारा प्रिंटर असतो. त्याचा भाग थराच्या दिशेत चांगला मजबूत असतो, पण दोन थरांच्या जोडावर कमजोर. उपकरणाच्या झाकणाला जी खटकन बसणारी हुक असते ती उभी छापली तर दोन-चार वेळा उघडझाप केल्यावर मुळाशी तुटते. तीच आडवी छापली तर बराच काळ टिकते. डिझाइन एकच, निकाल दोन. अशा वेळी ‘हुकची चाचणी फसली’ किंवा ‘पास झाली’ असे वहीत लिहिणे म्हणजे प्रिंटरच्या सेटिंगची नोंद डिझाइनच्या नावावर करणे.

मग छापलेल्या भागावरून काय खात्रीने कळते? माप, जागा, जुळणी. बोर्ड पेटीत बसतो का, स्क्रू घालायला ड्रायव्हर आत जातो का, बॅटरी बदलताना वायर चिमटते का, भाग कोणत्या क्रमाने जोडायचे. ही माहिती भरवशाची असते आणि पहिल्या दोन-तीन नमुन्यांत ती मिळवणे हेच प्रिंटरचे खरे काम. त्यातही छापलेली भोके मापापेक्षा थोडी लहान येतात, ती ड्रिलने साफ करून घ्यावीत. उष्णता, थकवा, रसायने आणि आगीच्या बाबतीत मात्र छापलेल्या भागाची साक्ष मानू नका. पीएलए हे प्रिंटरमध्ये सर्रास वापरले जाणारे प्लास्टिक साठ अंश सेल्सियसच्या आसपास मऊ पडते. उन्हात बंद गाडीत ठेवलेला नमुना वाकडा होतो आणि टीम घाबरते. तुमचे अंतिम उत्पादन एबीएस या जास्त उष्णता सहन करणाऱ्या प्लास्टिकमध्ये असेल तर तो प्रश्न त्याच स्वरूपात येणारच नाही. उलटही होते. छापलेल्या भागात काही त्रास नसतो आणि साच्यातून आलेला भाग वितळलेल्या प्लास्टिकचे दोन प्रवाह जिथे भेटतात त्या रेषेवर तडकतो.

तुमच्या उपकरणात एक खास अडचण आहे, ती जवळून बघू. गढूळपणा मोजताना पाण्यात प्रकाश सोडतात आणि कणांवर आपटून काटकोनात विखुरलेला प्रकाश मोजतात. आयएसओ 7027 या मानकाप्रमाणे करत असाल तर प्रकाश साधारण 860 नॅनोमीटरचा, म्हणजे डोळ्याला न दिसणारा अवरक्त. स्वच्छ पाण्यात हा विखुरलेला प्रकाश अत्यल्प असतो, आणि पिण्याच्या पाण्याच्या बाबतीत महत्त्वाची मापे नेमकी तिथेच असतात. म्हणून बाहेरून किंवा आतल्या आत भरकटून येणारा थोडासा प्रकाशही आकडा बिघडवतो.

आता काळ्या पीएलएमध्ये मापनाचा कप्पा छापलात. डोळ्याला तो ठार काळा दिसतो. पण प्लास्टिक काळे करणारी काही रंगद्रव्ये अवरक्त प्रकाश बऱ्यापैकी जाऊ देतात. कार्बन ब्लॅक, म्हणजे काजळीसारखे रंगद्रव्य, असेल तर तो प्रकाश अडतो. शिवाय पातळ भिंतीत थरांच्या मध्ये बारीक फटी राहतात. मग उपकरण टेबलावर छान चालते, उन्हात नेले की आकडे उड्या मारतात आणि टीम सॉफ्टवेअरमध्ये दोष शोधत बसते. हे तपासायला महागडे काही लागत नाही. एलईडी बंद ठेवून अंधाऱ्या खोलीत सेन्सरचा आकडा घ्या, मग तसाच उन्हात घ्या. दोघांतला फरक म्हणजे बाहेरून झिरपणारा प्रकाश. मग अंधारात, गाळून अगदी स्वच्छ केलेले पाणी घालून एलईडी चालू करा. आता अंधारातल्या पहिल्या आकड्यापेक्षा जे जास्त दिसेल ते मुख्यतः कप्प्याच्या भिंतींवरून परावर्तित होऊन येणारे. दोन दोष वेगळे झाले की उपायही वेगळे करता येतात: पहिल्यासाठी जाड भिंत, दुसरा माल किंवा आतून ॲल्युमिनियमची पट्टी, दुसऱ्यासाठी आतला पृष्ठभाग मॅट काळा करणे आणि प्रकाशाच्या वाटेवर अरुंद नळी देणे. लॅबचा फायदा असा की भिंत दीड, अडीच आणि चार मिलिमीटरची असे तीन कप्पे एकाच प्रिंटमध्ये शेजारी शेजारी काढता येतात आणि त्याच दिवशी मोजून होतात. कारखान्याकडे अशी चौकशी केली तर कोटेशन यायलाच आठवडा जाईल.

पाणी आत शिरण्याची चाचणी हे असेच दुसरे प्रकरण. छापलेली पेटी बुडवली आणि आत पाणी आले, तर ते गॅस्केटमधून (झाकणाच्या सांध्यातल्या रबरी सीलमधून) आले की भिंतीच्या थरांमधून, हे सांगता येत नाही. म्हणून मी सील वेगळी करून तपासायला सांगतो. ॲक्रिलिकच्या जाड ठोकळ्यात सीएनसीवर फक्त खाच आणि झाकणाची कड कोरायची, तीच ओ-रिंग (सील करणारी गोल रबरी कडी), तेच स्क्रू, तेवढेच अंतर. आत कोरडा टिश्यू पेपर ठेवायचा, बाहेर पाण्यात गडद रंग टाकायचा. ठोकळा पारदर्शक असल्याने ओ-रिंग कुठे नीट दाबली जात नाही ते डोळ्यांनी दिसते. आयपी 67, म्हणजे धूळ आणि पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा, याचा दावा करायचा असेल तर एक मीटर खोल पाण्यात तीस मिनिटे ही अट आहे. उंच नळकांड्यात ती लॅबमध्येही आजमावता येते. पण ती तुमच्या समाधानासाठी. प्रमाणपत्र मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडूनच, आणि तेही अंतिम मालातल्या, अंतिम पद्धतीने बनलेल्या उपकरणाचे.

इलेक्ट्रॉनिक्समध्ये ब्रेडबोर्डवरून थेट अंतिम बोर्डावर उडी मारू नका, पण लॅबमध्ये कोरलेल्या बोर्डावर जास्त दिवस रेंगाळूही नका. प्रकाश पडला की वीज देणाऱ्या फोटोडायोडमधून येणारा प्रवाह नॅनोअँपिअरच्या घरातला असू शकतो. ब्रेडबोर्डच्या लांब वायरी आणि सैल संपर्क यांच्यात तो हरवतो. मिलिंग मशीनवर एकपदरी बोर्ड कोरून एका दिवसात सोल्डर करता येतो आणि सर्किटची मांडणी ठीक आहे का ते कळते. बोर्डाचा माल एफआर 4 (काचतंतूंचा) ऐवजी एफआर 1 (कागदाचा) घ्या, कारण एफआर 4 कोरताना काचतंतूंची धूळ उडते. सोल्डरिंग झाल्यावर फ्लक्स, म्हणजे सोल्डर नीट धरावा म्हणून लावलेला चिकट पदार्थ, नीट धुवा. इतक्या लहान प्रवाहांना फ्लक्सचा थरसुद्धा पळवाट देतो. मांडणी पटली की ग्राउंड प्लेन (जमिनीला जोडलेला तांब्याचा सलग थर) आणि सोल्डर मास्क (तांब्यावरचा संरक्षक लेप) असलेला बोर्ड बाहेरून मागवा, तिथे लॅबच्या यंत्राची मर्यादा येते. खोलीतले दिवे विजेच्या वारंवारितेच्या दुपटीने, म्हणजे सेकंदाला 100 किंवा 120 वेळा कमीजास्त होतात, तेव्हा एलईडी चालू-बंद करून दोन्ही वेळचे मोजमाप वजा करण्याची सोय फर्मवेअरमध्ये, म्हणजे उपकरणातल्या प्रोग्राममध्ये, याच टप्प्यावर करा.

लॅबचा एक उपयोग बहुतेकांच्या लक्षात येत नाही, आणि माझ्या मते तो सगळ्यात मोलाचा आहे: चाचणीची साधने बनवणे. उत्पादनाचे भाग शेवटी कारखान्यातच होणार. पण ते तपासणारे जिग आणि फिक्स्चर, म्हणजे भाग धरून ठेवून तपासण्याची साधने, बाजारात तयार मिळत नाहीत, कारण ते फक्त तुमच्या उपकरणासाठी असतात. छोट्या सर्व्हो मोटरला लेझरने कापलेली दांडी जोडून बटण हजारो वेळा दाबणारे यंत्र एका दिवसात होते. रात्रभर चालू द्या, सकाळी किती दाबांनंतर संपर्क सुटला ते लॉगमध्ये असेल. ठरलेल्या उंचीवरून प्रत्येक वेळी त्याच कोपऱ्यावर पडेल असे नमुना सोडणारे साधन बनवता येते. हाताने टाकलेला नमुना दर वेळी वेगळा पडतो आणि तुलना होत नाही. ॲक्रिलिकच्या पाटात स्प्रिंगच्या पिना बसवून बोर्ड वर ठेवताच सगळे व्होल्टेज तपासणारे जिग केले तर तेच पुढे उत्पादनाच्या टेबलावरही चालते. नमुना बनवण्यात जेवढा वेळ देता, तेवढाच त्याला तपासणाऱ्या साधनांना द्या. ज्या टीमने हे केले, त्यांना कारखान्यातून पहिला माल आल्यावर ‘हे बरोबर आहे का?’ म्हणून चाचपडावे लागले नाही.

मोल्डिंगची तयारीही लॅबमध्येच सुरू होते. प्रिंटर सगळे माफ करतो, साचा करत नाही. भिंती सरळ उभ्या असतील तर भाग साच्यातून निघत नाही, एक-दोन अंशांचा उतार लागतो. जाडी एकसारखी नसेल तर जाड जागा थंड होताना आत ओढली जाते आणि बाहेरून खड्डा दिसतो. आत वळलेली हुक असेल तर साच्यात सरकता भाग घालावा लागतो, म्हणजे खर्च वाढला. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या नमुन्यापासूनच फाइल अशी बनवा की जणू साचाच करायचा आहे, मग ती प्रिंटरवर छापा. आकार स्थिर झाला की एक गुळगुळीत मास्टर (मूळ नमुना) करून, रेझिन प्रिंटरवर किंवा सीएनसीवर, त्यावर सिलिकॉनचा साचा ओता आणि पॉलियुरेथेनच्या पंधरा-वीस प्रती काढा. त्या दिसायला आणि हाताळायला खऱ्या उत्पादनाच्या खूप जवळ जातात.

या प्रती लोकांच्या हातात द्यायच्या आहेत. इथे थोडा संयम ठेवा. चकचकीत नमुना पाहून लोक रंगाबद्दल बोलतात. ओबडधोबड नमुना पाहून ‘हे मला इथून धरता येत नाही’ असे मोकळेपणाने सांगतात. म्हणून वापराविषयीचे मूळ प्रश्न पुठ्ठ्याच्या आणि कच्च्या प्रिंटच्या काळातच विचारून घ्या. आणि माणसाला वापरायचे कसे ते समजावून सांगू नका. उपकरण हातात द्या, पाण्याची बाटली समोर ठेवा आणि गप्प बसून बघा.

प्रत्येक नमुन्यावर क्रमांक कोरा. कोणता माल, थराची उंची, आतला भराव किती टक्के, कोणत्या दिशेने छापला, फाइलची कोणती आवृत्ती, फर्मवेअर कोणते, आणि सगळ्यात वर: हा नमुना कोणत्या प्रश्नासाठी बनवला. ही नोंद नसेल तर दोन महिन्यांनी टेबलावर सारखे दिसणारे सात नमुने असतील आणि कोणता चालला होता हे कोणालाच सांगता येणार नाही. कारखान्याशी बोलताना हीच वही तुमची बाजू भक्कम करते.

खुल्या लॅबमध्ये काम म्हणजे चार लोकांच्या नजरेत काम. त्याचा फायदा मोठा आहे: शेजारच्या टेबलावरचा माणूस गॅस्केटवर आधीच काम केलेला निघतो, लॅबचा तंत्रज्ञ फाइल बघून सांगतो की हे असे छापले तर तुटेल. अशा शहाणपणासाठीच मी लॅबची शिफारस करतो. पण पेटंटचा विचार असेल तर अर्ज आधी, प्रदर्शन नंतर. बऱ्याच देशांत अर्जाआधी कल्पना जाहीर झाली तर तिचे नावीन्य संपते. अमेरिकेत एक वर्षाची सवलत आहे, पण तिच्यावर विसंबून दुसरीकडचे हक्क घालवू नका. जिथे तात्पुरता अर्ज करता येतो तिथे पूर्ण अर्जासाठी 12 महिने मिळतात. तुमच्यासारख्या टीमला ती मुदत उपयोगी पडते. फॅब लॅबच्या सनदेप्रमाणे, म्हणजे सगळ्या लॅबच्या सामायिक तत्त्वांप्रमाणे, तिथे तयार झालेले डिझाइन संरक्षित करायला आणि विकायला मुभा आहे, फक्त इतरांना त्यातून शिकता यावे अशी अपेक्षा आहे. प्रत्येक लॅबचे स्थानिक नियम मात्र सही करण्याआधी वाचा.

त्याच सनदेत आणखी एक गोष्ट आहे: धंद्याची सुरुवात लॅबमध्ये व्हावी, वाढ लॅबच्या बाहेर. याचे प्रसिद्ध उदाहरण स्क्वेअर या पेमेंट कंपनीचे. मोबाइलला जोडायच्या कार्ड रीडरचे सुरुवातीचे नमुने तिचे सहसंस्थापक जिम मॅकेल्वी यांनी कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्कच्या टेकशॉपमध्ये बनवले. टेकशॉप फॅब लॅबच्या जाळ्यातली नव्हती, पण सभासदांना यंत्रे वापरू देणारी तशीच खुली कार्यशाळा होती. नंतर तो रीडर कारखान्यांत मोठ्या संख्येने बनू लागला. टेकशॉप ही कंपनी 2017 मध्ये अमेरिकेतल्या सर्व शाखांसह बंद पडली. तेव्हा फाइली, मापे, सेटिंग सगळे तुमच्याकडे ठेवा आणि दुसरी एक लॅब माहीत असू द्या. लॅबमधून बाहेर पडण्याची वेळ ओळखायची खूण सोपी आहे: शिकण्यासाठी छापणे थांबून विकण्यासाठी छापणे सुरू झाले की समजा, उशीर होतो आहे. छापलेल्या भागांची पन्नास उपकरणे विकता येतात, पण प्रत्येकाची दुरुस्ती मग तुमच्याच दारात येते.

तुमच्यासाठी पहिला महिना मी असा लावेन. पेटी बनवूच नका. फक्त मापनाचा कप्पा करा, वेगवेगळ्या भिंतींचा, वर सांगितलेल्या अंधार आणि उन्हाच्या चाचणीसह. गढूळपणा मोजणारे उपकरण ज्याच्याशी पडताळतात ते फॉर्माझिनचे तयार प्रमाण द्रावण विकत घ्या, स्वतः बनवायला जाऊ नका कारण त्यासाठी लागणारे हायड्राझिन सल्फेट कर्करोगकारक मानले जाते. हातमोजे घालून त्याच्या पातळ पातळ पायऱ्या करा आणि प्रत्येक पायरीवर अनेक वेळा मोजा. बाटली काढून पुन्हा घातल्यावर आकडा किती बदलतो ते वेगळे नोंदवा, कारण बाटली किंचित फिरली तरी काचेतल्या फरकाने आकडा हलतो. त्यावर उपाय म्हणून बाटलीवर आणि कप्प्यावर खूण लागेल, ती आताच डिझाइनमध्ये घ्या. त्याच वेळी टीममधल्या एकाने पुठ्ठ्याचे आकार घेऊन पाणी तपासणाऱ्या माणसांकडे जावे. कप्प्याचे आकडे स्थिर झाले आणि हातात धरायचा आकार ठरला, की दोघांना एकत्र आणणारी पहिली पेटी छापा, आणि त्याच आठवड्यात मोल्डिंग करणाऱ्याला ती फाइल दाखवून फक्त एवढे विचारा: यातले काय तुमच्या साच्यातून निघणार नाही?